लाओ हानची कविता आणि आपलं शेत

कतीफ, ५ ऑक्टोबर २०२५

चि. यतीनला ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझी आणि गौरीची तब्येत बरी असेल. आम्ही ठीक. ऊन जरा उतरलंय. बाजारात सुरमई मिळते, पण तिला आपल्याकडची चव नाही. आर्याची सहामाही चालू आहे. मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देते. सुमीत हसतो, मी ओरडते. हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं, पण हल्ली माझा फोन आला की नेमकी तुमच्याकडची रेंज जाते, म्हणून पत्र.

माझी दुभाष्याची नोकरी चालू आहे, म्हणजे अजून तरी. कंपनी चिनी, काम सौदीतलं आणि मधे मी, पुण्यात चिनी शिकलेली. एक तारखेला त्यांचा राष्ट्रदिन होता. कॅम्पात लाल पताका, जेवण, अरब पाहुणे आणि कविता. त्यांच्या आधुनिक कविता मी कॉलेजात घोकल्या होत्या, लढाईच्या आणि उपासमारीच्या दिवसांत लिहिलेल्या. मी वाचल्या त्यांत देशाचं नाव क्वचितच यायचं. माती यायची, नदी, नांगर, आई. परीक्षेत मी 'मातृभूमीवरील उत्कट प्रेम' असं लिहून मार्क मिळवले. कळलं काहीच नव्हतं.

शेवटी आमचे लाओ हान उठले. लाओ म्हणजे म्हातारा. वडीलधाऱ्यांना ते लोक मायेने अशीच हाक मारतात. हे इंजिनिअर, निवृत्तीला आलेले. त्यांचं गाव एका धरणाखाली गेलं आणि त्याच धरणावर ते कामाला होते. त्यांनी स्वतःची कविता म्हटली. मी माझं गाव पाण्याला दिलं, तरी नदीला आईच म्हणतो, अशी काहीतरी.

दुभाष्याने 'ते म्हणतात' असं बोलायचं नसतं. समोरचा 'मी' म्हणाला की आपणही 'मी' म्हणायचं. इतकी वर्षं दुसऱ्यांचं सिमेंट, दुसऱ्यांची भांडणं मी अशीच बोलत आले, कधी काही वाटलं नाही. त्या दिवशी 'माझं गाव, माझं शेत, तिथे माझी आई' इथवर आले आणि पुढे इंग्रजीत माझ्याच तोंडून निघालं, 'माझ्या भावाने ते विकलं.'

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅनेजरला तेवढं इंग्रजी कळतं, तो संतापला. "राष्ट्रदिनाला तुम्ही हे काय बोललात?" तेव्हापासून मला मीटिंगांना बोलावणं बंद आहे.

हो, मला कळलंय. तू सांगितलं नाहीस; आर्याने मोबाइल पुढे केला. "मम्मा, इज धिस आजीज ट्री?" समुद्र दिसणाऱ्या प्लॉटांच्या जाहिरातीत आपला आंबा. त्याच्या बुंध्याशी आपण आईची राख घातली होती. तेरावं झाल्यावर तूच म्हणालास, "ताई, सही कर, म्हणजे जमीन घरात राहील. आई इथेच आहे, तुझं माहेर कुठे जातंय?" सगळ्या बहिणी हक्कसोड करतात, मीही केलं. गौरीने साडी नेसवून ओटी भरली आणि मी हसत निघाले. हिस्सा नको होता रे मला. आई तिथे राहायला हवी होती.

लाओ हानना इंग्रजी येत नाही. मी काय बोलले ते सांगून मी त्यांची माफी मागितली. ते पेल्याचं झाकण फिरवत बसले. न राहवून मी विचारलं, "गाव बुडवलं त्याचा राग नाही आला?"

"रागच म्हटला मी," ते म्हणाले. "मंचावर राग म्हणता येत नाही, म्हणून प्रेम म्हणायचं."

मी काही मंचावर उभी नाही. तू मला फसवलंस, यतीन. आईची जागा विकलीस आणि मला साधं विचारलंही नाहीस.

भाऊबीजेला या म्हणून गौरीचा मेसेज आलाय. तिकीट काढलं होतं, ते रद्द केलं. मी येणार नाही. ओवाळताना भावाला आयुष्य मागायचं असतं. ते मी इथे बसूनही मागेन, कारण ते मला थांबवता येत नाही आणि त्याचीच मला चीड येते.

पत्राखाली 'लोभ असावा' असं लिहितात. तो आहे. कसा घालवायचा तेवढं मला कुणी शिकवलेलं नाही.

आसावरी