गाडीखालचा कोबा

ता. ३ मार्च

चि. धाकट्यास ताईचे अ.उ.आ.

फाटकापासून गॅरेजपर्यंतच्या कोब्याची भेग आता बोट आत जाईल एवढी झालीय. बाबा सिमेंट कालवून ती बुजवतात, आणि ती पुन्हा उघडते. काल गवंडीमामांनी पहारीने ठोकून पाहिलं. मधोमध ढबढब वाजतं. पाण्याची नळी गळून खालची माती वाहून गेली असणार, सगळं फोडून नवं घाला, म्हणाले. बाबांनी त्यांना चहा पाजून वाटेला लावलं.

त्यात नवीनच खूळ. डॉक्टरांनी गाडी चालवायची बंद केल्यापासून बाबा रोज नुसते गाडीत जाऊन बसतात, ते तुला ठाऊक आहे. हल्ली त्यांनी गाडी गॅरेजमधून काढून नेमकी त्या पोकळ जागेवर आणून ठेवलीय. लंगडीची जागा गेली म्हणून माझी छकुली रुसलीय. मला मात्र भीती वाटते रे. पोळ्या लाटताना कान तिकडेच असतात.

माझं बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तूच लिही त्यांना. लोभ आहे तसा असू दे.

तुझी ताई


ता. ९ मार्च

ती. ताईस कृ.सा.न.वि.वि.

भित्री भागूबाई म्हणून तुला चिडवणार होतो, पण ते ढबढब वाचून मीच भागूबाई झालो. बाबांना वेगळं पत्र टाकलंय, चांगलं खडसावून. एकदा गाडी बाहेर गेली की आपण ती विकू, अशी त्यांना धास्ती असेल. विकणार नाही, असं माझ्या वतीने सांग. पण डागडुजी आता पुरे. रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा धाकटा


ता. १५ मार्च

चि. धाकट्यास अ.उ.आ.

तुझं पत्र वाचून बाबा पुन्हा गाडीत जाऊन बसले. शेवटी मी चिडून विचारलं, जिवावर का उदार झालात. तेव्हा म्हणाले, छकुली सांगून ऐकणारी पोर नाही. गाडी उभी असली की ती तिथे लंगडी खेळत नाही, आणि आपण आत बसलेले असलो की चेंडूसाठी गाडीखाली शिरत नाही.

मग फोडू का देत नाही, म्हटलं. तर खाली बघत म्हणाले, पोकळी घराखालपर्यंत गेली असली तर? बघायचीच हिंमत होत नव्हती त्यांची.

गाडी आज मीच रस्त्यावर काढली. चाकाखाली कोबा करकरला. उद्या गवंडीमामा फोडायला येतील. गाडी हलताच बाबा खुर्ची घेऊन तिथेच बसायला निघाले. हाताला धरून त्यांना पायरीवर बसवलं. आता दोघं मिळून पहारा देतोय, इथेच बसून तुला लिहितेय.

बाबांनी माझा हात अजून सोडलेला नाही. पत्रातून लोभ पुष्कळ झाला, या वेळी तू स्वतः ये.

तुझी ताई