सात नारिंगी दारं

प्रिय बारकोबा,

अक्षर ओळखलं असशीलच. अकरा वर्षांनी पत्र आलं म्हणून फाडू नकोस, आधी वाच, मग हवं ते कर. आपलं ऑफिस अजून त्याच दुसऱ्या मजल्यावर आहे. खिडकीशी तुझं टेबल होतं तिथे आता प्रिंटर बसलाय, आणि तो तुझ्याइतकाच कुरकुरतो. ज्या हॉस्पिटलच्या नकाशापायी तू नोकरी सोडलीस, त्याबद्दल इथे कुणी बोलत नाही. माझ्या डोक्यातून मात्र तो गेलेला नाही.

आपली भांडणं आठवतात? संगणकावर नकाशा काढताना मी स्टाईलची भक्त. 'दार' नावाची एक स्टाईल करायची, सगळी दारं तिला जोडायची, मग तिथे रंग एकदा बदलला की दोनशे दारं एका दमात बदलतात. तू मात्र एकेका दारापाशी थांबून त्याला हाताने रंग देणार, आणि असा दिलेला रंग स्टाईल बदलली तरी जागचा हलत नाही. मी कपाळाला हात लावायचे. तू म्हणायचास, "हेडबाई, सगळ्यांना एकच गणवेश घातला की कोण आजारी आहे ते कळत नाही." मला रागही यायचा आणि हसूही. तसं भांडायला नंतर कुणी मिळालंच नाही. तुझी फार आठवण येते, हे एकदा लिहून टाकते.

हॉस्पिटलच्या त्या कामासाठी तू तुझ्या आईची चाकांची खुर्ची घेऊन गेला होतास. चारही मजले रिकामी खुर्ची ढकलत फिरलास, पहारेकऱ्याला वाटलं याचा पेशंट हरवलाय. खुर्ची जाईल ती दारं नकाशावर हिरवी दाखवायची होती. सात दारांतून ती जाईना, म्हणून तेवढी तू हाताने नारिंगी केलीस. मला ठाऊक नव्हतं, कारण त्या आठवड्यात मी तुझ्याशी अबोला धरला होता, तोही कसल्याशा रेघेच्या जाडीवरून. एवढ्याशा गोष्टीवरून किती ताणायचे मी.

छपाईच्या सकाळी तू माझ्याकडे फाइल पाठवून आईला डॉक्टरकडे घेऊन गेला होतास. हॉस्पिटलला हिरवा जरा गडद हवा होता. मी स्टाईल बदलली, सगळी दारं गडद झाली, सात तशीच नारिंगी राहिली. म्हटलं, झाले याचे दारांचे लाड सुरू. तुला फोन करायला हवा होता. पण मी पडले मानी. सगळं निवडलं आणि हाताने दिलेले रंग एका फटक्यात काढून टाकले. सातही हिरवी झाली. नकाशा मजल्यामजल्यावर लागला आणि आठव्या दिवशी एका आजींची खुर्ची त्यातल्याच एका दारात अडकली. त्यांचं मनगट मोडलं. नकाशाच्या कोपऱ्यात नाव तुझं होतं. साहेब तुला वाट्टेल ते बोलले. तू गोंधळून एवढंच म्हणालास, "मी नारिंगी केली होती. बहुतेक जुनीच फाइल पाठवली गेली माझ्याकडून." मी समोर बसून पेन्सिलीला टोक करत होते. रंग मी काढले होते, हे सांगितलं नाही.

आता त्याच हॉस्पिटलची नवी इमारत आपल्याकडे आली आहे. साहेबांच्या जागी त्यांची मुलगी बसते. परवा तुझं नाव निघालं तसं कुणीतरी म्हणालं, तो दारं चुकवणारा का? मी उठून सगळ्यांसमोर खरं काय ते सांगितलं. ती तुला फोन करणार आहे, पण त्याआधी तुला हे माझ्याकडून कळायला हवं होतं. काम घे किंवा नको घेऊस, माझ्याशी बोल किंवा नको बोलूस, दोन्ही तुझा हक्क आहे. तुझ्या हल्लीच्या ऑफिसातली एक मुलगी भेटली होती. म्हणाली, तू कुठलीही फाइल पाठवण्याआधी तीन-तीनदा उघडून बघतोस, आणि पाठवल्यावरही तुला चैन पडत नाही. ते ऐकून मी रडले. बारकोबा, फाइल तू बरोबरच पाठवली होतीस.

तुझीच,
हेडबाई