तुझ्या जीपचं ब्रेक ऑइल

बा, परवा तुझी जीप दाभोशाचा उतार उतरली. मी चालवली. आई पुढं बसली होती.

तू गेल्यापासून ती गोठ्यालगत ताडपत्रीखाली उभी होती. विकायचं नाव काढलं की आई जेवायची नाही. शेवटी मी शिकवते त्या खोडाळ्याच्या शाळेला दिवाळीची सुट्टी लागली तेव्हा मी ती जव्हारला मिस्त्रीकडं ओढून नेली. इंजिन लवकर सुरू झालं. ब्रेकचं पेडल मात्र दाबलं की थेट तळाला जायचं. आतली रबरं वाळून गेली होती. मिस्त्रीनं नवी बसवली आणि एक डबा उचलला. "मॅडम, स्टिअरिंगचं तेल हाय, भारीतलं. हेच भरू ना?"

तेव्हा मला आपलं स्वयंपाकघर दिसलं. चुलीजवळ तू दोन वाट्या मांडून बसला आहेस. एकीत ब्रेक ऑइल, दुसरीत इंजिनचं तेल, दोन्हींत ब्रेकचं एकेक रबर. शेजारचा जीपवाला ब्रेकमध्ये कुठलंही तेल ओततो, त्याला तुझं पटत नाही, म्हणून हा खटाटोप. आई कावली आहे, "आता आमटी रबराची करू का?" दुसऱ्या दिवशी इंजिनच्या तेलातलं रबर फुगून पिलपिलीत झालं होतं. तू ते त्या जीपवाल्याच्या तळहातावर ठेवलंस. "घाटात हे तुझ्या गाडीत असंल, अन् मागं वीस माणसं." त्याच दिवशी त्यानं ऑइल बदललं. त्या वाट्या आईनं पुन्हा घरात घेतल्या नाहीत.

मी हे सांगितलं, स्टिअरिंगचं तेलही त्याच जातीचं म्हटलं, तर मिस्त्री डबा खाली ठेवून खळखळून हसला. "माझ्या उस्तादाला पण झापलेलं त्यांनी!" मग मी फोनवर वाचलेल्या सिलिकॉनच्या ब्रेक ऑइलबद्दल विचारलं, ते साध्यासारखं हवेतलं पाणी ओढत नाही म्हणे. तो म्हणाला, "जुन्या नळ्यांत जुनं ऑइल थोडं तरी राहतं. त्यात ते मिसळत नाय. साधंच सीलबंद घ्या, अन् बदलत राहा." पटलं मला.

उतारावर पेडल घट्ट लागलं. खाली नदीपाशी थांबलो तशी आई म्हणाली, "त्यांच्यापेक्षा हळू चालवतेस. बरं वाटलं."

हे तुला वाचून दाखवणार कोण? तरी एक सांगते. परतताना बाजारातून जायची गरज नव्हती. लोकांनी मला तुझ्या जागी बसलेली पाहावं, म्हणून मी मुद्दाम तिकडून वळवली.