शनिवारचा वारा आणि अडलेले विसर्जन

प्रति,
मा. मुख्य अधिकारी,
सागरी हवामान अंदाज कक्ष,
ग्लासगो.

विषय: शनिवारच्या सागरी अंदाजात दुरुस्ती मिळणेबाबत.
संदर्भ: ६ सप्टेंबरपासूनचे आपले शनिवारचे सर्व अंदाज.

महोदय,

तक्रार कोणत्याही भाषेत चालेल असे आपल्या संकेतस्थळावर लिहिले आहे, म्हणून मराठीत लिहितो. मी येथील निवृत्त भूलतज्ज्ञ आहे.

१. आमच्या घरच्या गणपतीचे विसर्जन अनंत चतुर्दशीला येथून तासाभरावरच्या समुद्रात करावयाचे होते. मूर्ती वीतभर, शाडूची. बोटवाला आपला अंदाज वाचल्याखेरीज दोर सोडत नाही. आपण 'सोसाट्याचा वारा, दृश्यमानता बेताची' असे वर्तविले. प्रत्यक्षात समुद्र वाटीतल्या ताकासारखा निवांत होता आणि समोरच्या बेटावरची मेंढरे मोजता येत होती. पुढे दर शनिवारी हेच घडले. आपला अंदाज अर्ध्या समुद्राला उद्देशून असतो. आम्हांला धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर जावयाचे होते.

२. उत्तरपूजा झाली की मूर्ती घरात ठेवता येत नाही, म्हणून उत्तरपूजाही आपल्या अंदाजावर अडली. परिणामी बाप्पा अद्याप पाहुणे, आणि पाहुणे म्हणून दोन्ही वेळा आरती-नैवेद्य. मध्ये पितृपक्ष आला. त्यात मंगलकार्य वर्ज्य आणि हॉलमध्ये साक्षात मंगलमूर्ती! आता बाप्पांशेजारी घटही बसले आहेत. आमचे गुरुजी मुरलीधरपंत यांनी फोन उचलणे बंद केले आहे. यास आपले कार्यालयच जबाबदार आहे.

३. मुलगा अनय रीडिंगहून व मुलगी देविका बेसिंगस्टोकहून दर शनिवारी विमानाने येतात आणि विसर्जन न करताच परततात. एरवी ही मंडळी ख्रिसमसला येतात, तेही जमले तर. येथेच जन्मलेल्या देविकाला आता आरती पाठ झाली आहे. अनय आईशेजारी उभा राहून मोदक बिघडवतो आणि निघताना विचारतो, 'आई, नेक्स्ट वीकेंडला पण स्टॉर्म आहे ना?'

४. काल आपण येत्या शनिवारसाठी 'वारा मंद, समुद्र शांत' असे वर्तविले. माझी पत्नी सौ. अनुराधा हिने ते वाचले आणि ती टीव्हीसमोर जाऊन बसली. टीव्ही बंद होता. मला ते पाहवले नाही.

सबब, कलम १ ते ३ मधील तक्रार मी मागे घेतो. शनिवारच्या अंदाजात थोडे वादळ घालावे, ही विनंती. खरे नसले तरी चालेल. आपणांस त्याची सवय आहेच. निदान दिवाळीपर्यंत तरी मुले येत राहू देत.

आपल्या वाऱ्याकडे डोळे लावून बसलेला,
डॉ. श्रीकांत उपासनी
ग्लासगो, ३० सप्टेंबर २०२५