ताईच्या लग्नातले केळीचे खांब

बाबा, तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमच्याशी भांडायला हरकत नसावी. ताईच्या लग्नावरून भांडायचं आहे. कलकत्त्याला खिदिरपूरच्या गोदीत तुमची नोकरी, सरकारी क्वार्टर, आणि दर मंगळवारी बजबजच्या लोकलने केळी घेऊन येणारा तो म्हातारा. आपण त्याला केळीवाला म्हणायचो, पण तो शेतकरी होता. जमीन दुसऱ्याची, निम्मं पीक मालकाचं आणि उरलेल्याचा भाव व्यापारी ठरवणार, म्हणून थोडी केळी तो स्वतःच खांद्यावरून दारोदार विकायचा. त्या चैत्रात वादळाने त्याची बाग झोपवली. पुढच्या मंगळवारी तो रिकाम्या हातांनी येऊन पायरीवर बसला. आईने दिलेला चहा त्याच्या हातात तसाच निवला.

आणि तुम्हाला काय सुचावं? लग्नाला दारात केळीचे चार खांब हवेत, तेही घडासकट! कलकत्त्यात राहून गावाकडच्यासारखं लग्न करायचा तुमचा हट्ट. तो म्हणाला, "बाबू, चार ही तो खड़ा है. फल भी एकदम काचा." इतका कोवळा घड भाजीच्याही कामाचा नसतो आणि केळ एकदाच विते, हे तुम्हाला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? तुमच्या आजोळी केळीच होत्या. मग त्याने चाचरत विचारलं, माझ्या जावयाला गोदीत कुठे चिकटवता येईल का? शेतीत आता काही राहिलं नाही. तुम्ही म्हणालात, "देखेंगे. पहले शादी हो जाने दो."

खांब आले. मला अजून दिसतं, म्हातारा सुतळी बांधतोय आणि घडाला धक्का लागू नये म्हणून त्याचा जावई खालून हात धरून उभा आहे. पाहुण्यांनी वाहवा केली. तिसऱ्या दिवशी सगळं सुकलं आणि आईने ते गोठेवाल्याकडे पाठवलं. त्या संध्याकाळी तिने विचारलं, "त्याच्या जावयाचं बोललात का?" पेपरातून मान वर न काढता तुम्ही म्हणालात, "मी शिफारशी करत नाही, तुला माहीत आहे." माहीत होतं. तुमच्या सचोटीचा मला अभिमान होता, आजही आहे. पण खांब कापायच्या आधी ती कुठे झोपली होती, बाबा? त्याला तेव्हाच नाही म्हणायला काय झालं होतं?

मंगळवारी तो आला तेव्हा दार मी उघडलं. "दिदिमोणी, बाबूने बोल दिया?" मला तुमची इतकी लाज वाटली की मी म्हणाले, "हाँ, बोल दिया." त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. दुसऱ्या दिवसापासून जावई बोलावण्याची वाट पाहत गोदीच्या फाटकाशी उभा राहू लागला. पावसाळाभर उभा होता. एकट्या म्हाताऱ्याच्याने नवी लागवड झाली नाही आणि मालकाने जमीन दुसऱ्याला दिली.

एकदा जेवताना तुम्ही म्हणालात, "तो माणूस रोज फाटकाशी का उभा असतो, कोण जाणे." मी भात कालवत राहिले. हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच आहे. तेव्हा खरं सांगितलं असतं तर तुम्ही ओरडला असता, एवढंच. आणि तेवढ्याला मी घाबरले.