वाडीच्या चर्चची घंटा मी वाजवली, त्याची हकीकत

मु. आष्टी, ता. परतूर
सोमवार, ६ डिसेंबर १९३७

प्रिय दोस्त शमुवेल यास कारभारीचा नमस्कार (आणि तुमच्या रिवाजाचा सलामही). सिकंदराबादेस तू, वहिनी, लेकरं खुशाल असावीत. माझी वाढलेली ढेरी सोडता इकडे सर्व ठीक.

परवा बैल बघायला निघालो आणि वाट वाकडी करून आपल्या वाडीच्या चर्चमध्ये शिरलो. शिरताना दारातला दोर दिसला, हात सवयीने वर गेला आणि घंटा वाजवली. (आमच्या मारुतीपुढे आम्ही तसंच करतो.) आत सगळं जिथल्या तिथे आहे रे! बाप्तिस्म्याचं दगडी कुंड (त्यात आपण बेडूक सोडला होता), भाता फाटलेली पायपेटी, आणि ज्यावर तुझ्या वडिलांनी, पुंजाराम मास्तरांनी, आपल्याला पाढे शिकवले तो सागवानी बाक. त्यावर पूर्वी आपण पाच जण मावायचो, परवा मी एकटाच कसाबसा मावलो. मंडळी आठवली, तुझी फार आठवण झाली, आणि खोटं कशाला बोलू, मी चक्क रडलो.

तेवढ्यात अख्खी वाडी धापा टाकत आत घुसली. रविवार सोडून ती घंटा कुणी वारलं तरच वाजते, हे मला ठाऊक होतं, हाताला नव्हतं. त्यात मी डोळे पुसत बसलेला! सगळे विचारताहेत कोण गेलं, आणि मी आपला उपरण्यात नाक शिंकरतोय. तुळजाबाईने तर हंबरडाच फोडला. एवढ्यात काठी टेकत मास्तर दारात. म्हणाले, "कोण गेलं रे? मला कुणी सांगून न्हाई राह्यलं!" त्यांना बघून तुळजाबाईचा हंबरडा अर्ध्यावरच थांबला. मग खरा प्रकार कळला आणि मास्तरांनी मला, चाळिशीच्या बाप्याला, त्याच बाकावर कान धरून उभं केलं. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुझा,
कारभारी

ता. क. मास्तरांनी बजावलंय, "शमूला ये म्हणून लिहू नको, त्याला रजा मिळत न्हाई." म्हणून मी तसं लिहिलेलं नाही.

आणखी एक. घंटा ऐकून लोक आधी चर्चकडे आलेच नव्हते. न विचारता सगळे आधी तुझ्या घरी गेले होते. मास्तरांची खाट रिकामी होती. मास्तर फाट्यावर टपालवाल्याची वाट बघत उभे होते. रोज असतात म्हणे.

चोवीस तारखेला मी परतूर स्टेशनावर गाडी जुंपून उभा राहीन. सहज.