घरगुती बॅकअपची शास्त्रशुद्ध निवड

२ मार्च, सोमवार
निवृत्तीला चार महिने झाले. एकतीस वर्षं भांडार विभागात खरेदी समिती चालवली. तुलना-तक्ता आणि माझी सही असल्याशिवाय टाचणीसुद्धा आत आली नाही. ही विद्या गंजू देणं बरं नव्हे.

काल परगावाहून मुलीचा फोन. म्हणाली, बाबा, आईचं पुस्तक त्या एकाच कॉम्प्युटरवर आहे आणि तो आठ वर्षांचा झालाय. पेनड्राइव्हवर एक कॉपी काढून ठेवा, दोन मिनिटांचं काम आहे. दोन मिनिटं! एवढी शिकलेली मुलगी, पण कामाची पद्धत म्हणून नाही.

संकल्प: घरगुती कॉम्प्युटरसाठी मिळणाऱ्या सगळ्या बॅकअप सॉफ्टवेअरचं मूल्यमापन करायचं. मग निवड. मग बॅकअप.

३ मार्च
बायकोला योजना समजावली. हिने बावीस वर्षं शिवणवर्ग चालवला. आता एका प्रकाशकाने हिच्याकडून शिवणकामाचं पुस्तक मागितलंय, २५ तारखेला द्यायचंय. नऊ प्रकरणं. पाच झालीत. दोन बोटांनी टाइप करते, पण रोज चार तास. म्हणाली, काय करायचं ते करा, फक्त माझी फाइल हलवू नका. हलवतोय कोण? उलट सुरक्षित करतोय.

४ मार्च
चार उमेदवार निश्चित. निःपक्षपातीपणासाठी नावं झाकून त्यांना अ, ब, क, ड म्हणणार. 'अ' आज उतरवलं. पंधरा दिवस फुकट वापरता येतं, म्हणजे १८ तारखेपर्यंत. पहिला बॅकअप अकरा मिनिटांत. हिचं पुस्तकही त्यात आलं. छान वाटलं.

'अ' म्हणतं, रोज आपोआप बॅकअप घेऊ का? नाही म्हटलं. यंत्र परस्पर कामं करायला लागलं की माणूस आळशी होतो. रोज संध्याकाळी सहा वाजता मी स्वहस्ते घेईन.

५ मार्च
सहा वाजता तक्त्याचे रकाने आखत होतो. बॅकअप उद्या.

६ मार्च
रकाने अठरा झाले. बॅकअप उद्या. नक्की.

९ मार्च
'ब' बाद. त्याचं चिन्ह छत्रीचं आहे. पावसाची भीती दाखवून माल खपवणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. 'क' सगळं ढगात ठेवतं म्हणे. त्यासाठी पासवर्ड लागतो. तो मी इतका मजबूत ठेवला की आता मलाही उघडत नाही. सुरक्षिततेला दहापैकी दहा, सोयीला शून्य. 'ड' आपल्या जुन्या कॉम्प्युटरवर चालतच नाही, तेही बाद.

मुलीचा फोन. कॉपी काढलीत का? म्हटलं, घाईने निर्णय घेणाऱ्यांची पोरंबाळं पुढे पस्तावतात. म्हणाली, ती पोरं म्हणजे मीच ना?

१३ मार्च
रकाने एक्केचाळीस. तक्ता आता कागदावर मावत नाही, चार पानं चिकटवून भिंतीवर लावला. शेजारचे निवृत्त शिक्षक बघून गेले. थक्क झाले असावेत, चहालाही थांबले नाहीत.

ही आठव्या प्रकरणावर आहे. बाहीचं प्रकरण. काल स्वतःशीच हसत होती. म्हणाली, बाही मुंढ्यात, म्हणजे खांद्याच्या गोलात, चुणी न पडता कशी बसवायची हे बावीस वर्षं पोरींना हाताने दाखवलं, शब्दांत कधी सांगता आलं नव्हतं. या वेळी जमलं. मी म्हटलं, छान. रकाना क्रमांक तेहतीसमध्ये गुंतलो होतो.

सहाचा बॅकअप हुकतोय हे खरं आहे. पण एकदा घेतलेला आहेच. अगदीच उघड्यावर नाही आपण.

१८ मार्च, बुधवार, सकाळी ११.२०
'अ'ची मुदत आज संपते! आणि मुख्य चाचणी राहिलीच. बॅकअप कोणीही घेईल. तो परत उतरवता येतो का, ही खरी कसोटी. मुलीला हे कुठलं सुचायला? ही आकृत्या काढणाऱ्या चित्रकाराकडे गेली आहे, कॉम्प्युटर मोकळा. आत्ताच उरकतो.

११.५०
यशस्वी! चार तारखेचं सगळं जसंच्या तसं जागेवर आलं. एक तक्रार: त्या जागी याहून नवी फाइल आहे, तरी बदलू का, असं 'अ'ने चारदा विचारलं. आमच्या खात्यात एका सहीवर ट्रक सुटायचे. 'सगळ्यांना होय' दाबलं आणि अनावश्यक प्रश्नांबद्दल अर्धा गुण कापला. तरीही 'अ' पहिलं. आनंदात भिंतीवरच्या तक्त्यावर सही ठोकली.

दुपारी ४
ही आली. फाइल उघडली. म्हणाली, अहो, हे पाचव्या प्रकरणाला संपतंय.

मी म्हटलं, तेच तर! चार तारखेला जसं होतं तसंच आलंय, स्वल्पविरामसुद्धा हललेला नाही. तिने विचारलं, सहा ते नऊ? म्हटलं, ती चार तारखेला नव्हतीच, मग येतील कशी? सॉफ्टवेअरच्या बाजूने यात काहीच चूक नाही.

हे बोलता बोलता माझ्या लक्षात आलं.

चहा केलेला होता, तो तसाच राहिला.

१९ मार्च
दुरुस्तीवाल्याला बोलावलं. म्हणाला, काका, पुसली असतीत तर कदाचित निघाली असती, पण तुम्ही तिच्यावरच जुनी ठेवलीत. कालपासून यावर नवीन काही टाकलंत का? म्हटलं, हरवलेल्या फाइली शोधणारी तीन सॉफ्टवेअर टाकली, तुलनेसाठी. त्याने बॅग बंद केली. जाताना भिंतीकडे बघून म्हणाला, रेघा मात्र सरळ आल्यात.

मुलीचा फोन. मी उचलला. म्हणाली, आईला द्या.

२० मार्च
सर्व बाजूंनी विचार केला. दोष 'अ'चाच. पाचव्यांदा विचारायला हवं होतं.

प्रकाशकाने दहा दिवस वाढवून दिले. म्हणाला, मजकूर हाताने लिहिलेला चालेल. हिने दोनशे पानी वही आणली. मी म्हटलं, तू सांग, मी टाइप करतो. नको म्हणाली. म्हटलं, निदान वहीचे फोटो काढून ठेवतो. तर वही उचलून स्वयंपाकघरात गेली.

२८ मार्च
सहावं आणि सातवं झालं म्हणे. आठव्यापाशी घोडं अडलंय. सकाळपासून लिहिते आणि खोडते. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, तेव्हा शब्द आपणहून आले होते, आता आठवून लिहितेय. त्यात बाही बसत नाही.

यावर दोष कोणाला द्यावा, खूप शोधलं. 'अ'ला देता येईना. मीच घालवलं. फार वाईट वाटलं. तिला तसं सांगितलं. म्हणाली, बरं.

२९ मार्च, रविवार, दुपार
हिने हाक मारली. धावत गेलो, म्हटलं काहीतरी काम मिळालं. म्हणाली, इथे खिडकीपाशी उभे राहा, दोन्ही हात वर करा. समोर खरा खांदा असला तर कदाचित सुचेल.

माझा जुना शर्ट घालायला लावला, बाही उसवली, टाचण्या लावल्या, काढल्या, पुन्हा लावल्या. मधेच वहीत लिहायची. मी म्हटलं, मुंढ्याच्या बाबतीत माझी एक सूचना आहे. म्हणाली, बोलू नका, हलू नका आणि कशालाही हात लावू नका.

सव्वा तास उभा होतो. दोन टाचण्या टोचल्या. हललो नाही.